अब्बांच्या पायातले जंतू

कापसाच्या मुलखातल्या हालांवर लिहायला माणसं येतात, तेव्हा ती शेतकऱ्याच्या दारात थांबतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचे हाल खरेच होते. पण त्या दारापासून हाकेच्या अंतरावर आमचंही दार होतं आणि त्यात कधी कोणी डोकावलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आम्ही पिंजारी. शेत नावालाही नाही. दुसऱ्याच्या शेतात पिकलेला कापूस पिंजायचा आणि त्याच्या गाद्या, उश्या, रजया भरून द्यायच्या, हा अब्बांचा धंदा. देऊळघाट सोडून आतल्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. गावाच्या तोंडाशीच पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांचं पिंजायचं यंत्र होतं आणि शेडला लागून आमचं घर. घरात भाकरीच्या टोपल्यापासून झोपायच्या जागेपर्यंत सगळीकडे कापसाचे तंतू असायचे. आम्ही जेवताना ते ताटातून काढून टाकायचो, जसे इतर लोक खडे काढतात.

घरात बोलायला उर्दू होती, पण ती नावाला. अम्मी मोताळ्याकडची, आणि अब्बांचा सगळा दिवस गिऱ्हाइकांत जायचा. त्यामुळे धंद्याचं, दुखण्याचं आणि भांडणाचं सगळं बोलणं वऱ्हाडीतच व्हायचं. प्रार्थना तेवढी वेगळी.

अब्बांचं बीटी कापसाशी वैर होतं. पूर्वी गावातला प्रत्येक शेतकरी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला का होईना, देशी कापूस लावायचा. आखूड धाग्याचा, खरखरीत, दाबला की पुन्हा वर येणारा. पोरीच्या लग्नातली गादी त्याचीच भरायची असा रिवाज होता. बीटी आलं आणि काही हंगामांत देशी वाण दिसेनासा झाला. नव्या कापसाचा धागा लांब आणि मऊ. तो गादीत भरला की वर्षाच्या आत बसायचा, त्याच्या गाठी व्हायच्या आणि गिऱ्हाईक अब्बांच्या नावाने बोटं मोडत यायचं. "हा कापूस मिलवाल्यायचा हाय बेटा, झोपनाऱ्याचा नाई," असं ते मला म्हणायचे. मग बाजारात फोमच्या गाद्या आल्या. गिऱ्हाईक भांडायलाही येईनासं झालं. अब्बा शेडमध्ये नुसते बसून राहायचे आणि यंत्राचा पट्टा उगाच पुसायचे.

मी त्यांची एकुलती मुलगी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि शहरातल्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. घरी यायला एसटीने अर्धा दिवस मोडायचा. काय शिकते हे अब्बांना समजावून सांगताना सुरुवातीला माझी फार चिडचिड व्हायची, कारण ते प्रश्न विचारायचे आणि प्रश्न नेमके अडचणीचे असायचे.

माझं काम ओव्याच्या तेलाचं होतं. ओवा जंतू मारतो हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं. पोट दुखलं की ओवा, तान्ह्याला सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी. पण त्याचं नुसतं तेल जखमेवर घालावं तर कातडी भाजते. पाण्यात ते मिसळत नाही आणि उघडं ठेवलं तर उडून जातं. मग करायचं काय, तर वाळू ज्या पदार्थाची बनते त्याच पदार्थाचे इतके बारीक कण करायचे की डोळ्याला तर सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. त्या कणांना आत भोकंच भोकं. त्या भोकांत तेल भरून ठेवायचं, म्हणजे ते उडणार नाही, भाजणार नाही आणि जंतूंच्या जवळ गेल्यावर थोडं थोडं बाहेर येईल. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू याने मरतात का, हे मला पाहायचं होतं.

"बत्तासा आतून जाळीदार असतो ना, तसा कण," मी अब्बांना सांगितलं. "त्या जाळीत अत्तर जिरवल्यासारखं तेल भरायचं."

अब्बांनी थोडा विचार केला. "म्हंजे तूबी मंग गाद्याच भरून राह्यली," ते म्हणाले. "एवढं शिकून आखरी भरायचाच धंदा."

ते हसले, मीही हसले. पण त्यांनी लगेच विचारलं, "भरलेलं बाहीर नाई येत का? खोळ फाटली तं?" आणि तीच माझी तेव्हाची अडचण होती. तेल भोकांत जायचंच नाही, कणांच्या बाहेरच चिकटून राहायचं आणि धुतलं की वाहून जायचं. कित्येक महिने माझे या एका गोष्टीत गेले. शेवटी भोकांतली हवा आधी पंपाने ओढून घेऊन मग तेल सोडलं, तेव्हा ते आत गेलं. माझ्या कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्याला ओव्याचा वास यायचा. वसतिगृहातल्या मुली मला नाकाला रुमाल लावून चिडवायच्या.

त्या काळात एकदा मी अब्बांकडून पिंजलेल्या कापसाचं एक गाठोडं नेलं. प्रयोगशाळेत काचेच्या चंबूंना आणि नळ्यांना कापसाची बुचं लावतात. त्यासाठी न शिजवलेला, साधा पिंजलेला कापूस लागतो, कारण त्यात कापसाचं जन्मजात मेण शिल्लक असतं आणि तो पाणी पीत नाही. बूच ओलं झालं की त्यातून जंतू आत शिरतात. कोरडं राहिलं तर शिरत नाहीत. दवाखान्यातला कापूस याच्या उलट असतो. तो सोड्यात शिजवून त्यातलं मेण काढलेलं असतं, म्हणून तो रक्त आणि पू शोषून घेतो. आमच्याकडे दोन्हींच्या बरण्या वेगळ्या असत. अब्बांचा कापूस स्वच्छ होता, बुचं छान झाली, आणि सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, "हा कुठला कापूस, छान आहे," असं विचारलं. मी ते अब्बांना सांगितलं. मग काय. त्यांनी ते गावभर केलं. "माहा कापूस सायन्सवाले वापरतात. जंतू जात नाई म्हंते त्याच्यातून," हे वाक्य ते दर गिऱ्हाइकाला ऐकवायचे. त्या पडत्या दिवसांत त्यांना मान वर करून सांगायला तेवढीच एक गोष्ट होती.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बीटीला बोंडअळी लागत नाही म्हणून लोकांनी ते लावलं होतं आणि त्या साली बोंड फोडावं तर आत अळीच. कापूस डागी, किडका. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. व्यापारी तो पाहून तोंड फिरवायचे. लोकांनी हंगाम संपायच्या आधीच उभ्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, कापून टाकल्या आणि रानात नुसती धसकटं उरली. त्या धसकटांच्या आजूबाजूला पडलेली बोंडं वेचायला अब्बा जाऊ लागले. फुकटचा कवडी कापूस आणून, पिंजून, स्वस्तातल्या उश्या भरून बाजारात बसायचं त्यांच्या डोक्यात होतं. एका दुपारी त्यांच्या चपलेतून धसकट वर आलं आणि तळपायात शिरलं.

अब्बांना शुगर होती. पायाच्या संवेदना आधीच बोथट झाल्या होत्या. घरी येऊन चप्पल काढली आणि अम्मीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा कुठे कळलं. त्यांनी हळद दाबली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचायला गेले.

गावात एक डॉक्टर होता. ताप असो, खोकला असो, मार असो, त्याच्याकडे एक इंजेक्शन आणि रंगीत कॅप्सुलांची पुडी ठरलेली. अब्बा त्याच्याकडे जायचे, बरं वाटलं की पुडी अर्धी ठेवून द्यायचे, पुन्हा ठणकलं की उरलेली खायचे. आमच्या गावात सगळेच तसं करायचे. घरात उरलेल्या कॅप्सुला डब्यात साठवायच्या आणि शेजाऱ्याला लागल्या तर द्यायच्या, हा शेजारधर्मच होता. अर्धवट औषध खाऊन जंतू मरत नाहीत. जे उरतात ते औषधाला ओळखून असतात. हे मी घरी येऊन किती वेळा सांगितलं असेल. अम्मी मान डोलवायची आणि डबा तसाच राहायचा.

डॉक्टरने तालुक्याला जाऊन ड्रेसिंग करून घ्यायला सांगितलं होतं, तेवढं तो बरोबर बोलला. अब्बा एकदा गेले. तिथल्या नर्सने स्वच्छ करून, औषध लावून, पट्टी बांधून दिली. घरी आल्यावर अब्बांनी ती पट्टी सोडली. तो कापूस त्यांनी बोटांत धरून पाहिला, ओढून पाहिला आणि फेकून दिला. अम्मीने नंतर मला हे सगळं सांगितलं. "हा मेलेला कापूस हाय. याच्यात जीवच नाई," असं ते म्हणाले होते. शिजवलेल्या कापसाला धागा राहत नाही, तो चुरगळतो, त्यांच्या हाताला तो भेसळीचा वाटला. पिंजाऱ्याच्या घरात बाजारचा कापूस जखमेला लावायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांनी आपला पिंजलेला, पांढराशुभ्र, सायन्सवाले वापरतात तो कापूस घेतला, त्याची जाड गादी करून जखमेवर दाबून बसवली आणि वरून करकचून बांधली. पुढे रोज तेच.

मी फोन केला की पहिला प्रश्न पायाचाच असायचा. अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं.

"सुकून राह्यली जखम. कापूस पाह्यला का, कोरडा निघते. एक ठिपका नाई."

अम्मीही फोन घेऊन हेच सांगायची. कापूस कोरडा निघतो, म्हणजे जखम कोरडी आहे. त्या दोघांना याहून मोठा पुरावा कुठला हवा होता. मलाही फोनवर ते बरंच वाटलं, कारण कुठला कापूस हे मला ठाऊक नव्हतं.

सुटीत घरी आले तेव्हा अंगणातच वास आला. मला तो वास ओळखायला वेळ लागला नाही, कारण माझं पोट त्याच धंद्यावर चालतं. अब्बा बाजेवर पाय वर घेऊन बसले होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. त्यांच्या अंगात ताप होता. मी पट्टी सोडली. वरचा कापूस खरंच कोरडा होता, पांढरा, फुललेला. तो उचलला तर खाली पू साचून राहिला होता आणि कडेकडेने पायाच्या वरच्या बाजूला वाट काढत गेला होता. दोन बोटं काळी पडली होती. कापसाने एक थेंब प्यायला नव्हता. त्याने जखमेवर बूच बसवलं होतं, जसं ते माझ्या चंबूंवर बसतं.

मला काय झालं कोण जाणे. तेव्हा अब्बांना उचलून गाडीत घालायला हवं होतं, पण मी आधी स्वयंपाकघरातून पाण्याचं पातेलं आणलं. अब्बांच्या गाठोड्यातला कापसाचा पुंजका त्यात टाकला. तो वर तरंगत राहिला. बोटाने दाबला, पुन्हा वर आला, कोरडाच. माझ्या पिशवीत अब्बांच्या पायासाठी आणलेली दवाखान्याच्या कापसाची गुंडाळी होती, तिचा तुकडा टाकला. तो पाणी पिऊन क्षणात बुडाला.

"तुमचा कापूस पाणी पीत नाही अब्बा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "पूसुद्धा पीत नाही. म्हणून कोरडा निघत होता."

अब्बा त्या पातेल्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाईच पेत. म्हनून तं पावसाळ्यात माही गादी वली होत नाई." त्यात अजून थोडा अभिमान होता. मग तो चेहऱ्यावरून उतरला, आणि त्यांनी तो तरंगणारा पुंजका पाण्यातून उचलून, झटकून, सवयीने पुन्हा गाठोड्यात ठेवला. मला रडू आलं. अम्मी दारात उभी होती.

शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जनने बोटं काढली, आतला सगळा भाग उघडा केला आणि पू तपासायला पाठवला. तपासणीत जंतू कुठला ते कळलं आणि कुठली औषधं त्याला लागू पडतात तेही कळलं. बहुतेक पडत नव्हती. गावच्या डॉक्टरकडची सगळी इंजेक्शनं आणि कॅप्सुला त्यात होत्या. एक-दोन भारी औषधं उरली होती, ती त्यांनी सुरू केली. त्या औषधांनी अब्बांच्या मूत्रपिंडांवर ताण येत होता म्हणून तीही हात राखून द्यावी लागत होती.

हा तोच जंतू होता ज्याच्यावर मी काम करत होते. त्याच जातीचा, सोनेरी पिवळ्या ठिपक्यांनी वाढणारा. मी सरांशी बोलले. सरांची आणि तिथल्या तपासणीच्या डॉक्टरांची ओळख होती. अब्बांची परवानगी असेल तर तो जंतू प्रयोगासाठी मिळेल, असं ठरलं. मी अब्बांच्या खाटेशी बसून त्यांना विचारलं.

"माह्या पायातले?" ते म्हणाले. "तू काय करशीन त्यायचं?"

"मारून पाहीन."

"मंग घेऊन जाय. पाह्यत काय बसली. मारून दाखव त्यायले."

त्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य असं होतं की ज्यात जोर होता. मी बर्फाच्या डब्यात त्या जंतूंची नळी घालून एसटीने प्रयोगशाळेत गेले.

जंतू वाढवायची आमची पद्धत अशी. काचेच्या बशीत खरवसासारखा थिजणारा आहार ओतायचा, त्यावर जंतू पसरायचे आणि बशी माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवायची. सकाळपर्यंत सगळ्या बशीवर त्यांची साय धरते. त्यावर आधीच कुठे औषधाचा ठिपका ठेवला असेल आणि ते लागू पडलं असेल, तर त्या ठिपक्याभोवती साय धरत नाही. स्वच्छ गोल दिसतो. मी अब्बांचे जंतू पसरले, त्यावर गावच्या डॉक्टरच्या औषधांच्या चकत्या ठेवल्या आणि मधोमध माझी पूड. सकाळी बशी उजेडात धरली. चकत्यांच्या कडेपर्यंत पिवळट साय आली होती, जणू तिथे काही ठेवलंच नव्हतं. माझ्या पुडीभोवती मोठा, स्वच्छ गोल होता. तेल न भरलेल्या नुसत्या कणांभोवती काहीच नव्हतं, म्हणजे काम ओव्याने केलं होतं आणि कणांनी ते सांभाळून, टिकवून आणलं होतं. इतकी वर्षं मी ज्यासाठी खपले ते माझ्या हातात होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, तो गोल बघून मी प्रयोगशाळेत एकटीच हसले. त्या आनंदाची मला नंतर शिसारी आली, पण झाला होता तो आनंदच.

मी दवाखान्यात फोन लावला. अम्मीने तो अब्बांच्या कानाला धरला.

"मेले अब्बा," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "मंग आनून दे."

मी याच्यासाठी तयार असायला हवं होतं आणि नव्हते. मी त्यांना सांगायला लागले. बशीत मरणं वेगळं, माणसात मरणं वेगळं. बशीत रक्त नसतं, मांस नसतं, शुगर नसते. हे कण इतके बारीक आहेत की उघड्या जखमेतून रक्तात गेले तर कुठे जाऊन बसतील, मूत्रपिंडात काय करतील, हे अजून कोणालाच माहीत नाही. आधी उंदरांवर पाहायचं, मग पुढच्या परवानग्या, मग माणसं. वर्षं लागतात.

"मी मरून राह्यलो तं उंदरायचं काय सांगतं?" अब्बा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "तुह्याजवळ दवा हाय. तू म्हंते जंतू मेले. मंग काऊन नाई देत मले?"

मी सरांना विचारलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "तुमच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. पण ही पूड इथून बाहेर जाणार नाही." ते चांगले गृहस्थ होते. त्यांचा मला त्या वेळी इतका राग आला की पेला भिंतीवर फेकावासा वाटला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणूनच तो राग आला होता. मी पूड नेली नाही. चोरून नेता आली असती, कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती. आज इतक्या वर्षांनीही मला असं वाटत नाही की मी चुकले. अब्बांच्या उघड्या पायात मी ती पूड भरली असती आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली असती, तर मी स्वतःला काय उत्तर दिलं असतं? पण बरोबर वागल्याने मन शांत होतं, असं जे लोक सांगतात त्यांना असा प्रसंग आलेला नसावा.

पूड देता येणार नाही हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा अम्मीने फोन आपल्या कानाला लावला. "दवा हाय आन पोरगी देत नाई," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, खोलीतल्या कोणाला तरी सांगत होती. तिथून पुढे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तोपर्यंत विष रक्तात उतरलं होतं. भारी औषधं वाढवावीत तर मूत्रपिंडं निकामी होत होती, न वाढवावीत तर ताप चढत होता. अब्बा शेवटी शेवटी ग्लानीत दोन्ही हात पोटावर धरून बोटं हलवत राहायचे, कापूस विंचरल्यासारखे. एका सकाळी ती बोटं थांबली.

मयत घरी आणली. मर्दांनी पडद्याआड गुसल दिलं, म्हणजे शेवटची अंघोळ घातली; मुलगी म्हणून मला तिथे जाता येत नव्हतं. आमच्या गावात कोणाचीही मयत असो, हिंदूची असो की मुसलमानाची, नाकाकानात घालायचा कापूस आमच्या घरून जायचा. अब्बा त्यासाठी चांगला कापूस बाजूला काढून ठेवायचे. पडद्याआडून आवाज आला, "कापूस द्या." अम्मी उठली आणि तोच कापूस घेऊन आली. मागोमाग तो माणूस पुन्हा म्हणाला की पायाची जखम वाहते आहे, कफनाला लागेल, जरा जास्त द्या. अम्मी पुन्हा गाठोड्याकडे वळली तेव्हा मी तिचा हात धरला आणि दवाखान्यातून आलेली गुंडाळी पुढे केली.

"त्यायच्या अंगाले बाजारचा कापूस?" ती म्हणाली.

"अब्बांचा पीत नाही अम्मी. कफन खराब होईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. दवाखाना, पाय, पातेलं, सगळं त्या बघण्यात होतं. मग तिने ती गुंडाळी माझ्या हातातून घेतली आणि पडद्याखालून आत सरकवली. कफन पांढरं राहिलं.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी प्रयोगशाळेत परत गेले. सर म्हणाले हवं तर आणखी सुटी घ्या. मला सुटी नको होती, घरी बसून अम्मीच्या पाठीकडे बघत राहण्यापेक्षा काम बरं होतं. फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात ती नळी होती. अब्बांना मातीत ठेवून इतके दिवस झाले होते आणि त्यांच्या पायातले जंतू त्या थंडीत निवांत जिवंत होते. मला तो दरवाजा लगेच बंद करावा लागला. बाहेर येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि नंतर आत जाऊन कामाला लागले.

एकदा आलेल्या निकालाला आमच्या कामात किंमत नसते. तो पुन्हा यावा लागतो, पुडीची मात्रा कमी करून यावा लागतो, नव्याने केलेल्या पुडीने यावा लागतो. म्हणून मी ते जंतू पुन्हा वाढवले. त्यांना आवडतो तसा आहार शिजवला, गाळला, थंड केला. अंगाच्या उबेत ठेवलं. ते जोमाने वाढले. मग मारले. पुन्हा वाढवले. दर वेळी गोल स्वच्छ आला. सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं आणि ते लपवायचा ते प्रयत्न करायचे.

अम्मीचा फोन यायचा तो तांदूळ संपले, शेडचा पत्रा उडाला, यंत्र विकायचं का, एवढ्यापुरता. एकदा मात्र असं बोलून झाल्यावर तिने फोन ठेवला नाही.

"एक इचारू?" ती म्हणाली. "ते त्यायच्या पायातले. अजून हायेत का तुह्याजवळ?"

"हाव," मी म्हणाले.

"जिते?"

"हाव अम्मी."

"आन खाले कोन घालते त्यायले?"

मी पुन्हा यंत्र विकायचं बोलणं काढलं. तिला उत्तर कळलं.

"मारून टाक एकडाव," ती म्हणाली. "समदे मार. एकबी ठेवू नको बेटा."

अब्बा गेल्यापासून तिने मला पहिल्यांदाच बेटा म्हटलं होतं. सगळे मारले तर पुन्हा मारून पाहायला काही उरत नाही, म्हणून दर खेपेला त्यातले थोडे जपून बाजूला ठेवावे लागतात, हे मी तिला सांगितलं नाही. मी "हाव" म्हटलं, फोन ठेवला आणि उद्यासाठी त्यांचा आहार शिजत ठेवला.